मोटारीची नाडी आणि ज्वर

ज्या घरांत जुनी मोटार आहे त्या घरांत तिच्याविषयीं दोन पक्ष असतात, हें आतां जवळजवळ नियमासारखें झालें आहे. एका पक्षाचें म्हणणें, गाडी वाडवडिलांच्या वेळीं जशी होती तशीच ठेवावी. तिचा एक खिळाही बदलूं नये. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, गाडी रस्त्यावर चालवावयाची तर तिला आजचीं साधनें द्यावींत. नाहीं तर ती पडवींत झांकून ठेवावी व दसऱ्यास तिला झेंडूची माळ घालावी. दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य असतें, आणि दोघांचें भांडण बहुधा एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूवरून जुंपतें. आमच्या घरीं तें चालकासमोरच्या पत्र्यावरील दोन लहान घड्याळांवरून जुंपलें. एक तेलाचा दाब दाखविणारें, दुसरें पाण्याचें तापमान दाखविणारें. या वादाच्या निमित्तानें जें हातीं लागलें तें ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे त्यांस उपयोगी पडेल, आणि ज्यांच्या घरीं नाहीं त्यांसही अगदींच नीरस वाटणार नाहीं, अशा आशेनें हें लिहीत आहें.

गाडी कोणती तें प्रथम सांगितलें पाहिजे. ती लष्करी नमुन्याची विलीज जीप आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं एकाच नमुन्याच्या सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानांत उरलेल्या गाड्या लष्करानें विक्रीस काढल्या, त्यांतील एक आमच्या आजोबांनीं १९४९ सालीं घेतली. मुंबईस महिंद्रांनीं १९४७ पासूनच विलीजच्या जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला होता. पण आजोबांनीं लष्कराच्या विक्रींतलीच पसंत केली. आमचा भंडारा जिल्हा तळ्यांचा. आजोबांकडे मालगुजारी होती. पावसाळ्यांत तळ्यांच्या पाळी फुटतात कीं काय हें पाहात हिंडावें लागे, आणि धानाच्या बांध्यांमधून, चिखलांतून बैलगाडीखेरीज जाऊं शकणारें वाहन म्हणजे हें एकच. पुढें १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तळीं सरकारजमा झालीं. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक आज त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. तळीं गेलीं, जीप राहिली.

या जीपमध्यें चालकासमोर पांच वाटोळीं घड्याळें आहेत: वेगाचें, पेट्रोलचें, विजेच्या प्रवाहाचें, तेलाच्या दाबाचें व पाण्याच्या तापमानाचें. पहिलीं तीन बिघडलीं तर गैरसोय होते, एवढेंच. पेट्रोल टांकींत काडी घालून पाहतां येतें, वेग तर अंगास लागणाऱ्या वाऱ्यावरूनही कळतो. शेवटचीं दोन बिघडलीं, आणि बिघडलीं आहेत हें कळलें नाहीं, तर मात्र इंजिन जातें. वैद्यानें रोग्याची नाडी पाहावी आणि कपाळास हात लावून ज्वर पाहावा, तसा या दोन घड्याळांचा उपयोग आहे. तेलाचा दाब ही इंजिनाची नाडी, आणि पाण्याचें तापमान हा त्याचा ज्वर.

तेल म्हणजे केवळ वंगण, कुरकुर बंद होण्यासाठीं बिजागरींत टाकतात तसलें, अशी समजूत सर्वत्र आढळते. मोटारीच्या इंजिनांत त्याचें काम याहून फार मोठें आहे. इंजिनाचा मुख्य दांडा ज्या बेअरिंगांत फिरतो, त्यांच्या व दांड्याच्या मध्यें केसाहूनही बारीक फट असते. पंपानें ढकललेलें तेल त्या फटींत शिरतें व दांडा त्या तेलाच्या थरावर जणुं तरंगत फिरतो. धातु धातूस शिवतच नाहीं. हा थर तुटला कीं मिनिटा-दोन मिनिटांत बेअरिंग वितळूं लागतें. दाब म्हणजे तरी काय? पंप तेल ढकलतो आणि त्या बारीक फटी त्यास अडवितात. या अडवण्यांतून दाब उत्पन्न होतो. म्हणून फटी झिजून मोठ्या झाल्या, तेल तापून पातळ झालें, किंवा तळाचें तेलच संपत आलें, कीं दाब उतरतो. उलट, सकाळीं थंड इंजिन सुरू केलें कीं घट्ट तेलामुळें कांटा एकदम चढतो. दाब जितका अधिक तितकें इंजिन उत्तम, असें मानणारे पुष्कळ भेटतात. परंतु वाट तुंबल्यावरही दाब वाढतो, हें ते विसरतात. आमच्या गाडीचा स्वभाव असा कीं, गरम इंजिन, तासाला चाळीस मैल वेग, तर चौरस इंचास पस्तीस पौंडांच्या आसपास; जागेवर उभी असतां दहा-बारा. (चौदा पौंड म्हणजे स्थूलमानानें चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम.) प्रत्येक गाडीचे आंकडे वेगळे असतात, आणि आपल्या गाडीचा नित्याचा आंकडा ठाऊक असणें हेंच चालकाचें खरें ज्ञान होय.

नंतरच्या काळांत अनेक कारखानदारांनीं दाबाचें घड्याळ काढून त्याच्या जागीं एक तांबडा दिवा बसविला. त्यानें खर्च वांचला व पत्राही नेटका दिसूं लागला. परंतु हा दिवा बहुधा दाब पांच-सात पौंडांवर उतरल्यावर लागतो. गाडी भर वेगांत असतां पस्तिसाचे वीस झाले, वीसाचे बारा झाले, तरी तो अवाक्षर बोलत नाहीं. माझ्या मतें तो दिवा म्हणजे वैद्य नव्हे. तो किरवंत आहे.

आतां हीं घड्याळें चालतात कशीं हें पाहूं, कारण यांत खरी मौज आहे. दाबाच्या घड्याळाच्या पोटांत पितळेची किंवा तत्सम मिश्रधातूची एक चपटी पोकळ नळी इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणें वळविलेली असते. तिचें एक टोंक बंद, दुसरें तेलाच्या वाटेस जोडलेलें. आंत दाब आला कीं चपटी नळी गोल होऊं पाहते आणि त्या प्रयत्नांत ती किंचित उलगडते. बंद टोंक हलतें व बारीक दांत्यांच्या साह्यानें कांटा फिरवितें. जत्रेंत मुलें फुंकतात ती कागदी पिपाणी, जी फुंकतांच सुरळी सोडून लांब होते, तिचाच हा गंभीर भाऊ. यूजेन बूर्दों नांवाच्या फ्रेंच यंत्रकारानें १८४९ सालीं याचा हक्क नोंदविला. चेपलेली एक नागमोडी नळी पूर्ववत गोल करण्यासाठीं तिच्यांत दाब भरला असतां ती उलगडूं लागली, आणि त्यावरून त्याला ही युक्ति सुचली, असें सांगतात. भंडारा हें पितळी भांड्यांचें गांव. येथील तांबटास ही गोष्ट सांगितली तर तिचें फारसें नवल वाटणार नाहीं. पत्रा ठोकतांना तो कुठें मऊ येतो, कुठें ताठतो, हें त्याच्या हातास ठाऊकच असतें.

तापमानाचें घड्याळ याहूनही चमत्कारिक. त्याच्या नळीच्या टोंकाशीं एक लहान पितळी कुपी असते, ती इंजिनाच्या डोक्यांतील पाण्यांत बुडालेली असते. कुपींत ईथर भरलेलें असतें. ईथर सुमारें पस्तीस अंश सेल्सिअसलाच उकळूं लागतें, म्हणजे आमच्याकडे चैत्रांतली दुपार त्याला पुरते. पाणी तापत गेलें कीं कुपींतील ईथरच्या वाफेचा दाब वाढतो. पाणी शंभर अंशांवर आलें तेव्हां तो वातावरणाच्या दाबाच्या सहा पटींहून अधिक झालेला असतो. हा दाब केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीवाटे घड्याळांत येतो, आणि तेथें पुन्हां तीच बूर्दोंची वांकडी नळी! म्हणजे आपण ज्याला तापमापक म्हणतों तोही वस्तुतः दाबमापकच. त्याच्या चेहऱ्यावर फक्त पौंडांऐवजीं अंश लिहिलेले. तबकडीवर खालचे अंश दाटीवाटीनें व वरचे ऐसपैस कां असतात, हेंही यावरून कळतें: वाफेचा दाब आरंभीं हळूहळू व पुढें झपाट्यानें वाढतो.

आमच्या गाडीचीं हीं दोन्ही घड्याळें बिघडलीं होतीं. तापमानाची बारीक नळी कधीं कोणाच्या पायाखालीं येऊन तुटली कोण जाणे. ईथर उडून गेलें होतें व कांटा कायमचा निजला होता. त्याचें फारसें भय नव्हतें, कारण मेलेला कांटा कोणास फसवीत नाहीं. भय दुसऱ्याचें होतें. इंजिन बंद असतांही दाबाचा कांटा बारा पौंडांवर उभा असे. आमच्या मिस्त्रीनें तो पाहतांच मान हलविली. “गुरुजी, हा कांटा खोटा बोलते जी,” तो म्हणाला. नळी ताणली जाऊन पुरती मिटेनाशी झाली होती. अर्थात् गाडी उभी असतां खरा दाब शून्य झाला असता, तरी हा कांटा आम्हांस बाराचा दिलासा देत राहिला असता. आणि आमच्या गाडीस बारा हा नित्याचाच आंकडा!

येथून घरांत वादास तोंड फुटलें. पुतण्या अभियंता आहे. त्याचें मत, जुनीं पांचही घड्याळें काढावींत व आंकडे दाखविणारा एकच कांचेचा फलक बसवावा, जो धोका दिसतांच शिट्टी वाजवील. धाकटे बंधु म्हणाले, “वडिलांनीं ज्या पत्र्याकडे पाहून गाडी हांकली तो पत्रा मी बदलूं देणार नाहीं.” पुतण्याच्या म्हणण्यांत एक अडचण होती, ती त्यानें स्वतःच पुढें मोकळेपणानें मांडली. आमच्या जीपची वीज सहा व्होल्टची. आज मिळणारीं विजेवर चालणारीं घड्याळें बाराची. तीं येथें जोडलीं तर भलतेंच दाखवितील किंवा मुळींच चालणार नाहींत. मग डायनॅमो, स्टार्टर, दिवे सगळेंच बाराचें करावयाचें, म्हणजे दोन घड्याळांसाठीं सगळ्या गाडीचें रक्त बदलावयाचें. शिवाय २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांत गाडी मूळ स्वरूपांत असावी, तिच्या सांगाड्यांत, खोक्यांत व इंजिनांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. तबकडी म्हणजे सांगाडा नव्हे हें खरें. तथापि ज्याला पुढेंमागें ती नोंदणी करावयाची आहे त्यानें पत्र्यास नवें भोंक पाडण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. त्या नोंदणीनंतर गाडी रोजच्या उपयोगास नेतां येत नाहीं, हेंही जातां जातां सांगून ठेवतों; म्हणून आम्हीं तो विचार तूर्त लांबणीवर टाकला आहे.

शेवटीं जें ठरलें तें असें. पांचही जुनीं घड्याळें जागच्या जागीं राहावींत. पत्र्याच्या खालीं, मूळच्याच एका स्क्रूच्या आधारानें एक पट्टी लटकवावी व तिच्यांत नवें जोडघड्याळ बसवावें. जोडघड्याळ म्हणजे एकाच तबकडींत दोन कांटे: वरच्या अर्ध्यांत तेलाचा दाब, खालच्या अर्ध्यांत पाण्याचें तापमान. ही कल्पना नवी नाहीं. इंग्लंडांतील स्मिथ्सचीं असलीं घड्याळें तिकडच्या जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ १९६२ पासूनच्या पहिल्या एम. जी. बी. गाड्यांत, मूळचींच असत. तें विजेवर चालत नाहीं. एकीकडून तेल, दुसरीकडून ईथरची वाफ, म्हणजे सहा व्होल्ट कीं बारा हा प्रश्नच उरत नाहीं. पुतण्याच्या समाधानासाठीं दाब पंधरा पौंडांखालीं जातांच वाजणारा सहा व्होल्टचा एक भोंगाही घातला, व गाडी उभी असतांना तो बंद करण्याचें बटन दिलें. आणि सर्व काम असें करावयाचें कीं, उद्यां कोणास नको वाटलें तर पान्यानें उतरवून गाडी पुन्हां पूर्ववत करतां यावी. या शेवटच्या अटीवर दोन्ही पक्षांनीं माना डोलावल्या.

असलें काम करूं पाहणाऱ्यानें सर्वांत अधिक लक्ष आट्यांकडे द्यावें. अमेरिकन पाइपाचे अष्टमांश मापाचे आटे इंचास सत्तावीस, ब्रिटिश अष्टमांशाचे अठ्ठावीस. एकाचा कोन साठ अंशांचा, दुसऱ्याचा पंचावन्न. तिसरा दहा मिलिमीटरचा मेट्रिक आटा, तोही दिसावयास यांचाच भाऊ. यांतला कोणताही दुसऱ्याच्या भोंकांत दोन फेरे सुखानें जातो, आणि तेथेंच घात होतो: पुढें जोर केला कीं इंजिनाच्या बिडाचे आटे कायमचे जातात. आमच्या जीपचीं भोंकें अमेरिकन, नवें घड्याळ ब्रिटिश मापाचें. बाजारांतल्या लेथवाल्याकडून पितळेचे दोन जोड आंतून एका व बाहेरून दुसऱ्या आट्याचे करून घेतले. पितळ भंडाऱ्याचेंच.

दुसरी गोष्ट नळीची. इंजिन रबरी पायांवर डुलत असतें व पत्रा स्थिर असतो. या दोहोंमध्यें ताठ तांब्याची नळी बांधली तर ती हलून हलून कडक होते व एके दिवशीं तडकते. तांबट ठोकून ठोकून कडक झालेलें तांबें पुन्हां तापवून मऊ करून घेतो, तसें येथें कोण करणार? आणि तडकली तर इंजिनाचें तेल त्याच वाटेनें बाहेर पडतें, कधीं चालकाच्या पायांवरही. नायलॉनची नळी स्वस्त, परंतु धुराड्याच्या जवळून गेली तर वितळते. म्हणून इंजिनापासून आडव्या पत्र्यापर्यंत तारेची वीण असलेली हातभर लवचीक नळी घेतली. तेथें पितळेचा एक ठोकळा पक्का बसवून त्यांतून तीन वाटा काढल्या: एक जुन्या घड्याळास, एक नव्यास, एक भोंग्याच्या कळीस. कांहीं लोक हे सगळे जोड इंजिनाच्या भोंकावरच एकावर एक चढवितात; तें ओझें हादऱ्यांनीं डुलून मुळाशींच मोडतें. भोंग्याच्या कळीचे आटे हाच तिचा विजेचा परतमार्ग असतो, यासाठीं तेथें पांढरी फीत गुंडाळूं नये. गुंडाळली कीं वीज अडते व कळ मुकी होते.

बसविण्यापूर्वीं नव्या घड्याळाची परीक्षा घेतली. नवें म्हणून खरेंच असेल, असें मानण्याचें कारण नाहीं. सूनबाईंनीं पातेलें दिलें, पण तें पुन्हां स्वयंपाकघरांत येणार नाहीं या अटीवर. त्यांत पाणी उकळून ईथरची कुपी सोडली. भंडारा समुद्रसपाटीपासून सुमारें अडीचशें मीटर उंच, म्हणून येथें पाणी शंभरला नव्हे, नव्व्याण्णव अंशांच्या किंचित वर उकळतें. कांटा शंभर व एकशेंदोन यांच्या मध्यें थांबला. नंतर पाणी निवत असतां प्रयोगशाळेंतल्या तापमापकाशीं ताडून पाहिलें. ऐंशीला बरोबर, साठाला चार अंशांचा फरक. वर सांगितलेल्या दाटीवाटीमुळें खालच्या अंगास एवढा फरक चालावयाचाच. आपल्याला काम ऐंशीच्या वरचें. दाबाची बाजू पायानें चालवावयाच्या हवेच्या पंपास जोडून दहा, वीस, तीस, चाळीस अशी तपासली. नातवंडांनीं पंप मारण्याचें काम इतक्या हौसेनें केलें कीं चाळिसावर थांबवितांना मला ओरडावें लागलें. एका कागदावर हे आंकडे लिहून तो गाडीच्या खणांत ठेवला आहे.

आतां ज्या प्रसंगामुळें हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतों. गेल्या वैशाखांत आमच्याच घरचें एक लग्न साकोलीस होतें, मुहूर्त गोरज. नवरदेवाचा हट्ट, मंडपापाशीं उतरावयाचें तें पणजोबांच्या जीपमधून. भंडाऱ्याहून साकोली सुमारें चाळीस किलोमीटर, रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, उत्तम. पारा मात्र पंचेचाळीस अंशांच्या घरांत. पुतण्या गाडी चालवीत होता, शेजारीं मी, मागें नवरदेव व त्याचा मामेभाऊ, आणि आमच्या मागून आप्तांच्या दोन मोटारी.

गडेगांवचा अशोक लेलँडचा कारखाना मागें टाकीपर्यंत सर्व ठीक होतें: दाब पस्तीस, तापमान अठ्ठ्याऐंशी. लाखनीच्या अलीकडे तापमान पंच्याण्णवावर गेलें. पुतण्यानें वेग कमी केला. त्यानंतर तीन-चार मिनिटांनीं कांटा खालीं येऊं लागला. नव्वद, पंच्याऐंशी, ऐंशी. “काका, उतरलें बघा,” तो आनंदानें म्हणाला, “उगीच काळजी केली.” मींही तसेंच म्हटलें असतें, परंतु वरचा कांटाही त्याच वेळीं उतरत होता. पस्तिसाचे तीस, तिसाचे पंचवीस, पुढें बावीस. वेग तोच, तेल सकाळींच पाहिलेलें. ज्वर उतरतो आहे आणि नाडीही बुडते आहे, हें लक्षण बरें होणाऱ्याचें नव्हे.

“गाडी थांबव,” मी म्हणालों.

“काका, मुहूर्त—”

“आधीं थांबव.”

निंबाच्या सावलीस गाडी उभी केली व इंजिन बंद केलें. खालच्या रबरी नळीस आवळपट्टीपाशीं चीर गेली होती आणि पाणी वाटेंत सांडून गेलें होतें. रेडिएटर रिकामा, इंजिनाचें डोकें कोरडें. झालें होतें तें असें: कुपी पाण्यांत बुडालेली असते तोंवरच ती पाण्याचें तापमान सांगते, पाणी गेलें कीं ती पोकळींत लोंबकळते, हवेला व विरळ वाफेला तितकी उष्णता देतां येत नाहीं, आणि भोंवतालचें बीड तापून लाल होण्याच्या मार्गाला लागलें असतां कांटा सावकाश खालीं येतो. तापमानाचें घड्याळ यांत खोटें बोलत नव्हतें. ज्याविषयीं त्याला विचारलें होतें तें पाणीच तेथें नव्हतें. तेल मात्र त्या तापल्या धातूंतून फिरत होतें, पातळ होत होतें, आणि तें वरच्या कांट्यानें सांगितलें. भोंगा अद्याप वाजला नव्हता, कारण तो पंधरावर वाजावयाचा. तांबडा दिवा असता तर तोही गप्पच बसला असता. दोन्ही कांटे एकाच तबकडींत, एका नजरेंत दिसत होते म्हणूनच त्यांची विसंगति ध्यानांत आली. दोन वेगळ्या कोपऱ्यांत असते तर उतरलेल्या ज्वराच्या आनंदांत नाडीकडे कोण पाहातो?

नवरदेव प्रथम रुसला. मामेभावानें त्याची समजूत घातली व मागून आलेल्या मोटारींत बसवून पुढें धाडलें. तो वेळेवर पोंचला. आम्ही दोघे मागें राहिलों. अशा वेळीं दोन मोह टाळावे लागतात. एक, रेडिएटरचें झांकण लगेच उघडण्याचा. उरलीसुरली वाफ तोंडावर येते. दुसरा, तापलेल्या इंजिनांत गार पाणी ओतण्याचा. त्यानें बिडास तडा जातो. पाऊण तास आम्ही कांहींएक केलें नाहीं. तेवढ्यांत पुतण्यानें एका दुचाकीवाल्याच्या मागें बसून लाखनीच्या दुकानांतून नळीचा तुकडा आणला. ती बसवून, हात लावण्याइतकें इंजिन निवाल्यावर पाणी भरलें, इंजिन सुरू केलें व उरलेलें पाणी हळूहळू घातलें. आम्ही दोघेही त्या वेळीं तबकडीकडे श्वास रोखून पाहात होतों. कांटा चढत चढत रस्त्याला लागल्यावर चौतिसावर स्थिरावला. बेअरिंग शाबूत होते.

साकोलीस पोंचलों तेव्हां मंगलाष्टकें आटोपून पंगती बसल्या होत्या. धाकट्या बंधूंनीं पाटावर बसतां बसतां एवढेंच विचारलें, “तेलाचा दाब किती आहे?” पत्र्याखालीं लटकलेल्या त्या नव्या घड्याळाविषयीं त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिलाच बरा शब्द.

त्या दिवसापासून पुतण्यानें एक वही घातली आहे. दर प्रवासास तीन नोंदी: गाडी सुरू करतांना, अर्ध्या वाटेवर, व पोंचल्यावर, प्रत्येक वेळीं दाब व तापमान शेजारीं शेजारीं, आणि बाहेरच्या उन्हाचा अंश. आंकडे दिसावयास रुक्ष आहेत, पण सहा महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या कीं गाडीचा स्वभाव समोर उभा राहातो. हिंवाळ्यांत उभ्या गाडीचा दाब चौदा असे, वैशाखांत तो दहावर येतो. हा फरक तेलाच्या पातळपणाचा, झिजेचा नव्हे. तोच आंकडा पुढच्या हिंवाळ्यांतही दहाच राहिला तर मग बेअरिंगांचा विचार करावा लागेल.

जुन्या दाबमापकाची नळी बदलून कांटा शून्यावर आणण्याचें काम नागपूरच्या एका कारागिरानें करून दिलें; आतां दोन्ही दाबमापक एक-दोन पौंडांच्या अंतरानें एकच गोष्ट सांगतात. जुना तापमापक मात्र अजून मुका आहे. त्याला नवी नळी व कुपी डाग देऊन जोडावी लागते आणि मीठ घातलेल्या बर्फांत गार करून ईथर भरावें लागतें. ईथर एका ठिणगीसरशीं पेट घेतें, म्हणून हें काम घरीं करूं देणार नाहीं असें मीं पुतण्यास बजावलें आहे. काम झालें तरी इंजिनाच्या डोक्यांत कुपीला भोंक एकच, तेव्हां दोहोंपैकीं कोणाला तेथें बसवावयाचें, यावरून घरांत नवा वाद सुरू झालाच आहे. तूर्त पावसाळ्यापूर्वीं तेल बदलतांना सगळ्या रबरी नळ्या नव्या घालावयाच्या आहेत व पितळी ठोकळ्याचे जोड पुन्हां एकदां आवळून पाहावयाचे आहेत.